गाव नमुन्याला फेरफार आहे, संगणकाच्या नमुन्याला का नाही?

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ गावांत 'इको-सेन्सिटिव्ह' हा शब्द काढला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, आता शेती बंद होणार. दुसरे म्हणते, शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून ठरवले आहे, त्यात आपण काय बोलणार? पहिले मत सरळ चुकीचे आहे. केंद्राच्या मसुद्यात रोख आहे तो खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, 'लाल' यादीतले कारखाने आणि 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर. नांगरावर नाही. दुसऱ्या मताबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण ते नम्र वाटते आणि म्हणून जास्त घातक आहे.

मॉडेलला उर्दूत आपण 'नमूना' म्हणतो. शब्द फारसी, 'नमूदन' म्हणजे दाखवणे. मराठीत तो तलाठी कार्यालयात जाऊन बसला: सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. (मुलाणकीच्या जमिनीचे कागद ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हे नमुने मी काय सांगू!) सातबारा जमीन नव्हे, जमिनीचे एका कामापुरते चित्र आहे. मालक कोण, पीक कोणते, एवढ्यापुरते ते चांगले. विहिरीला पाणी किती लागेल हे त्याला विचारायचे नसते. संगणकाच्या नमुन्याचेही तसेच. तो खरा की खोटा हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या कामासाठी, हे आधी सांगा.

माधव गाडगीळ यांच्या तज्ज्ञ गटाने 2011 मध्ये पश्चिम घाटाचे सुमारे 9 किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला गुण दिले. असा एक चौकोन 8,000 हेक्टरांच्या आसपास जातो. त्यात डोंगरमाथा, भाताची खाचरे आणि बाजारपेठ यांची एकच सरासरी निघते. चार एकरांची देवराई तर दिसतच नाही. पण तो नमुना म्हणजे सुरुवात आहे, पुढचे ग्रामसभांशी बोलून ठरवा, असे त्या गटाचेच म्हणणे होते. कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये 24 मीटरपर्यंत बारीक पाहणारी उपग्रहचित्रे वापरली. बारीक म्हणजे अचूक, असे आपल्याला वाटते. पण त्या बारीक ठिपक्यांवरून शेवटी निर्णय झाला अख्ख्या गावाचा: 20 टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील असेल तर गाव आत, नाहीतर बाहेर. 21 टक्क्यांचे गाव आत, शेजारचे 19 टक्क्यांचे बाहेर, आणि डोंगर दोघांचा एकच. दगडखाण बांध ओलांडून पलीकडे गेली की झाले.

शिवाय रायरेश्वराचे पठार पाहा. एप्रिलच्या चित्रात ते उघडे, तपकिरी, जवळजवळ पडीक दिसेल. पावसाळ्यात तिथे रानफुलांचा गालिचा असतो, पण तेव्हा उपग्रहाच्या कॅमेऱ्यासमोर ढग असतात.

तरीही मोठी टाउनशिप आणि खाण कुठे नको, एवढ्या कामासाठी हा नकाशा मला पुरेसा वाटतो. गाव चुकून आत आले तर शेतकऱ्याचे फारसे जात नाही. चुकून बाहेर राहिले तर कापलेला डोंगर परत येत नाही. दरडीच्या धोक्यासाठी मात्र हा नकाशा दाखवणे म्हणजे फसवणूक आहे. 30 जुलै 2014 ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाडले गेले. दीडशेहून जास्त माणसे गेली. उताराची माती, पाण्याची वाट, वर केलेले सपाटीकरण, हे त्या नमुन्यात विचारलेच नव्हते. वायनाडच्या दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी, 31 जुलै 2024 ला, सहावा मसुदा निघाला आणि लोकांनी दोन्ही गोष्टी एकच समजल्या.

सातबाऱ्याची एक गोष्ट मला आवडते. त्याला फेरफार असतो. नोंद होते, नोटीस निघते, हरकत घेता येते, मंडळ अधिकारी निर्णय देतो. मसुद्यालाही साठ दिवस हरकती घेता येतात, पण त्यांचा सूर 'आमचे गाव वगळा' एवढाच राहतो, कारण याहून बारीक बोलायला गावाकडे काही दिलेलेच नाही. भोर आणि वेल्ह्याच्या प्रत्येक चावडीत गावाचा नकाशा गट नंबरांसह लावावा: तुमचे संवेदनशील क्षेत्र इतके टक्के, ते या गटांत, या महिन्यातल्या चित्रावरून. मग एखादी म्हातारी सांगेल की हा गट देवराईचा, तो तुम्ही सोडलात, आणि हा हिरवा दिसतो तो तर माझ्या जावयाचा आमराईचा बांध.