डिझॉल्व्ह आणि मेल्ट

इंग्रजी शास्त्रग्रंथांतील क्रियापदें केवळ कोश पाठ करून येत नाहींत; तीं कृतीबरोबरच शिकावीं लागतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. 'डिझॉल्व्ह' हें क्रियापदच पाहा. चहांत साखर 'मेल्ट' होते, असें कित्येक विद्यार्थी निःशंकपणें लिहितात. वस्तुतः साखर तेथें 'डिझॉल्व्ह' होते.

भेद दिसावयास लहान, पण त्यांत शास्त्र सांठवलेलें आहे. मेल्ट होण्यास उष्णता पुरते. बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो, शिसें सुमारें ३२७ अंशांस. डिझॉल्व्ह होण्यास मात्र दुसरा पदार्थ सोबतीस लागतो. मीठ वितळवावयाचें तर तें सुमारें ८०१ अंशांपर्यंत तापवावें लागेल. तेंच मीठ गार पाण्यांत पाहतां पाहतां दिसेनासें होतें. १०० ग्रॅम पाण्यांत तें सुमारें ३६ ग्रॅम मावतें. अधिक घातलेलें तळाशीं राहतें. दिसेनासें झालें म्हणून तें नाश पावत नाहीं. पाणी आटविलें कीं तें पुन्हा हातीं येतें; मिठागरें याच न्यायानें चालतात.

वापराचा नियमही या अर्थांतूनच निघतो. डिझॉल्व्हच्या मागोमाग बहुधा 'इन' येतो, कारण कशांत विरघळलें हें सांगणें प्राप्तच असतें. साखर स्वतः डिझॉल्व्ह होते, आणि आपण साखर डिझॉल्व्ह करतों, हे दोन्ही प्रयोग शुद्ध होत. सभा बरखास्त करण्यासही इंग्रजींत हाच शब्द योजतात. एकत्र असलेलें सुटें होणें हा अर्थ दोहींकडे समान आहे.

आतां मुख्य गोष्ट. हा भेद आपल्या मायबोलींत पूर्वींपासूनच आहे: साखर विरघळते, मेण वितळतें. बोलतांना कोणी 'बर्फ विरघळला' म्हणतो, तें घरीं खपतें. शास्त्रांत खपूं नये. परंतु इंग्रजी शब्दाच्या धाकानें विद्यार्थी हातचें मराठी सोडतो, आणि प्रयोग नीट समजला असतांही त्याचें उत्तर चुकीचें ठरतें. हें नुकसान भाषेचें नव्हे, बुद्धीचें आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, नवें क्रियापद भेटलें कीं तीन प्रश्न विचारा: ही क्रिया कोणाची, ती कशांत किंवा कशानें होते, आणि आपण मराठींत तिला काय म्हणतों? शक्य तर ती हातानें करून पाहा, मग वाक्य लिहा. असा शिकलेला शब्द परीक्षेनंतरही सोबत राहील.