जोडीदाराला एकटे सोडू नका

लिम्फोमा केमोथेरपीला दाद देत नाही, हे कळते त्या दिवशी घरातले दोघे आजारी पडतात. औषध मात्र एकालाच मिळते. वसईहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे तर कर्करुग्णाला लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवासाची मुभा आहे. पण फायली, पैसे, रजा आणि नातेवाइकांचे सल्ले पेलण्याचे काम नवऱ्याच्या किंवा बायकोच्याच वाट्याला येते.

पहिला उपचार फसला म्हणजे सगळे संपले, असे नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून आलेल्या देशी कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींत बदल करून त्यांना बी-पेशींच्या कर्करोगाशी लढायला तयार करतात. परदेशाच्या तुलनेत स्वस्त असला, तरी त्याचा खर्च लाखांत जातो आणि तो प्रत्येकाला लागू पडत नाही. म्हणून पुढच्या उपचारातून आजार बरा होणार की केवळ त्रास कमी होणार, हे जोडीदाराने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. वेदनाशामक सेवाही शेवटच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता उपचारांसोबतच सुरू व्हावी.

वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना आधार देत आहे. वसई-विरार महापालिकेनेही घरी जाणारी प्रशिक्षित परिचारिका आणि जोडीदारासाठी समुपदेशन एवढी तरी सोय करावी. शेजाऱ्यांनी ‘धीर धरा’ म्हणण्याऐवजी एका दिवसाची रुग्णालयाची खेप स्वतः करावी.