पोलादपूरच्या डोंगरावर पवनचक्की : आधी वारा मोजा



घाटाखाली महाड-पोलादपूरकडे सोयरीक असलेले आपले बरेच सभासद आहेत. त्यांतले काही जण विचारतात, "तिकडं एवढा वारा सुटतो, मग कारखान्यानं पवनचक्क्या का घालू नयेत?" सवाल रास्त आहे. सहवीज प्रकल्प बगॅसवर, म्हणजे मुख्यतः गळीत हंगामात चालतो. वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, आपला बॉयलर थंड असतो तेव्हा. जोडी जमण्यासारखी आहे, यात वाद नाही.

मग अडतंय कुठं? जागेवर. १९८६ साली कोकण किनाऱ्यावर ५५ किलोवॅटची यंत्रे उभी राहिली. पुढे मोठ्या चक्क्या साताऱ्यातील चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या उघड्या पठारावर गेल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला तर एक अष्टमांशच उरते. महाड, पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात डोंगरांच्या कुशीत आहेत. तिथं वारा अडतो. वर कड्यावर वारा आहे, पण कड्याला आपटून तो उसळतो, भोवरे घेतो. पात्याला वरच्या अंगाला एक वेग लागतो, खालच्या अंगाला दुसरा. ते सगळे हिसके गिअरबॉक्स आणि बेअरिंग सोसतात. गव्हाणीत ऊस कमीजास्त पडला की मिलच्या गिअरबॉक्सची काय दशा होते, ते आपल्या फिटर मंडळींना विचारा. शिवाय वारा सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की बहुतेक चक्क्या बंदच ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आजच्या दोन मेगावॅटच्या यंत्राचं एकेक पातं पन्नास मीटरच्या आसपास भरतं, आणि ते सहसा अखंडच न्यावं लागतं. आंबेनळीची किंवा वरंधची वळणं आठवा! समजा, नेलं. ऐन आषाढात गिअरबॉक्स गेला तर धुक्यात, चिखलात क्रेन वर चढणार कशी? कमाईचे महिने चक्की नुसती उभी.

आणि डोंगर स्वतः कसा आहे? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडलं गेलं. पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यालाही माणसं गेली. अशा उतारावर पायासाठी खोदायचं, रस्ता फोडायचा, तर खालच्या वाड्यांना विचारल्याशिवाय कुदळ लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरच्या बाजूचा माथा तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आहे.

म्हणून माझी सूचना एवढीच. वार्षिक सभेत पैशाचा ठराव आणण्याआधी वारा मोजणारा मनोरा उभा करावा, आणि पावसाळ्यासकट निदान एक वर्षाचे आकडे घ्यावेत. एका जागेचा आकडा दुसऱ्या डोंगराला लावू नये. सोबत भूवैज्ञानिकाचा उताराबद्दलचा अहवाल असावा. दोन्ही कागद सभासदांना सभेआधी वाचायला मिळाले पाहिजेत, सभेच्या दिवशी दारात नव्हे.