कल्पनेच्या जगालाही अंबरखाना हवा

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहू पाहणारे विद्यार्थी आपल्यात बरेच आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांचे लेखन वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. दूरचा एखादा ग्रह, दोन सूर्य, चार अवघड नावे आणि एक सम्राट एवढ्यावर नवे जग उभे राहिले, असे आपण समजतो. त्या राज्यातली माणसे खातात काय, पाणी कोठून भरतात, वेढा पडला तर किती दिवस तग धरतील, याचा मात्र कथेत पत्ता नसतो.

जग रचण्याचा सराव करायचा असेल तर तो पन्हाळ्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गड बांधणाऱ्यांना हेच प्रश्न सोडवावे लागले होते. अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या पाहा. धान्य वरून ओतता यावे म्हणून छताला भोके आहेत आणि तेथवर चढायला बाहेरून पायऱ्या आहेत. अंधारबावडी तर तीन मजली. तळाशी पाणी आणि वर पहारेकऱ्यांची जागा. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून ती अशी बांधली, असे सांगतात. त्या काळातली भीती आणि युद्धनीती एका विहिरीवरून कळते. आपल्या कथेत अशी एक विहीर असली, तर पानभर वर्णनाची गरज उरणार नाही.

दुसरा धडा १९३८ साली कोल्हापुरातच जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडून घ्यावा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्यांनी इतिहासातली एकच गोष्ट बदलली. १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागली नाही. तेवढ्यावरून मराठे जिंकतात आणि विसाव्या शतकातही मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी चालू राहते. बदल एक, परिणाम अनेक. पण प्रत्येक परिणामाला कारण आहे.

हाच प्रयोग आपण पन्हाळ्यावर करून पाहू. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा सुमारे चार महिने चालला आणि जुलैत, भर पावसात, महाराज रात्री विशाळगडाकडे निसटले. समजा, त्या वर्षी पावसाने ओढ दिली असती तर? पौर्णिमेचे चांदणे लख्ख पडले असते, पहारा ढिला पडला नसता. पण गडावरची तळी आटली असती, तशी वेढा घालणाऱ्यांच्या घोड्यांनाही वैरण मिळाली नसती. मग आधी कोण हटले असते? याचे उत्तर हिशेबाने शोधणे म्हणजेच जग रचणे.

अशी कल्पना करणे हा इतिहासाचा अवमान आहे, असे काहींना वाटेल. मला ते पटत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळे आपण ती रात्र निर्धास्तपणे वाचतो. शिवा काशीद पालखीत बसले, बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले, तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. सारे उलटेही घडू शकले असते, हे एकदा मांडून पाहिले म्हणजे त्यांच्या निर्णयाचे मोल अधिक कळते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या अंकासाठी कथा लिहिताना आपल्या ओळखीच्या भूमीवर एकच गोष्ट बदला आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे सोसा. सम्राटाचे नाव सावकाश ठरवा. आधी कोठीत धान्य किती आहे ते मोजा.