अब्जावधी टनांचा अंदाज आणि कातळाची साक्ष

भारताच्या भूगर्भात ३९५ ते ६१४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड साठवता येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात आहे. देशाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३ अब्ज टन. भागाकार केला की सुमारे १३० ते २०० वर्षांची सोय निघते. मग कोळसा सोडण्याची घाई कशाला, असे म्हटले जाते. हे म्हणणे टिकणारे नाही.

हे आकडे येतात कसे, ते पाहा. खाऱ्या पाण्याने भरलेल्या खोल वालुकाश्मासाठी क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता आणि वायूची घनता यांचा गुणाकार करतात. त्यातली वापरात येणारी जागा बहुधा काही टक्केच धरतात. एका टक्क्याऐवजी चार टक्के धरले की साठा चौपट होतो; खडक मात्र तोच राहतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून कोणी धान्याची पोती मोजत नाही.

बेसॉल्टबाबत तर अनिश्चितता आणखी मोठी. वरच्या अंदाजातली जवळजवळ सगळी तफावत त्याचीच आहे: ९७ ते ३१६ अब्ज टन. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, पण त्याची जाडी सर्वत्र सारखी नाही. कोयना परिसरातल्या खोल विवरात तो १,२४७ मीटर भरला, तर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला ३३८ मीटरवर संपला. वायू दाट स्थितीत ठेवायला साधारण ८०० मीटर खोली लागते. किल्लारीत त्या खोलीवर बेसॉल्टच नाही.

यावर आइसलँडचा दाखला दिला जातो. तिथे २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी सुमारे ९५ टक्के वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज झाले. हे खरेच मोठे यश आहे. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे हे पाणी आणणार कुठून?

शिवाय जागा असणे वेगळे आणि ती भरता येणे वेगळे. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. १९६७ चा भूकंप सोसलेल्या कोयनेला धरणातल्या पाण्याच्या दाबाचा भूगर्भावर काय परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून साठवणूकच थोतांड ठरते का? मुळीच नाही. नॉर्वेच्याच स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखाली वायू साठवला जात आहे आणि कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या भूकंपीय लहरींच्या साहाय्याने त्यावर नजर ठेवली जाते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीतूनच वायू निघतो. इंधन बदलूनही तो थांबत नाही. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांना ही सोय लागणारच आहे.

तेव्हा सरकारने सैद्धांतिक, परिणामकारक आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता वेगवेगळी जाहीर करावी. प्रत्येक जागेसाठी वर्षाला किती टन भरता येतील, पाणी किती लागेल, भूकंपाचा धोका काय, हेही सांगावे. त्यासाठी विवरे खणावीत, चाचण्या कराव्यात आणि नोंदी खुल्या ठेवाव्यात. विवराने सिद्ध केलेली जागा हीच खरी क्षमता. तिच्यावर पहिला हक्क सिमेंटसारख्या पर्याय नसलेल्या उद्योगांचा आहे, नव्या कोळसा वीजकेंद्रांचा नाही.