फेरतपासणीची धास्ती

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली की मालवण तालुक्यातील मनोरुग्णांच्या घरची झोप उडते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान याच कागदावर उभे आहे. २०२५ मध्ये शासनाने दिव्यांगांसाठी ते दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केले. टक्का चाळीसच्या खाली घसरला तर तेही जाणार, या धास्तीनेच सावरलेला माणूस पुन्हा आजारी पडतो.

तपासणीच्या दिवशी आई मुलाला आंघोळ घालून, धुतलेले कपडे चढवून ओरोसला आणते. गोळ्यांमुळे तो शांत असतो, नावगाव नीट सांगतो. पाहणाऱ्याला वाटते, याला काय झाले आहे? (पाय तुटलेला असता तर दिसला तरी असता!) वास्तविक ‘आयडियाज’ या सरकारी मोजपट्टीत स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम यांबरोबर मागील दोन वर्षांत आजार किती महिने होता, हेही पाहायचे असते. दोन वर्षांचा हिशेब पाच मिनिटांत कसा लागणार?

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला आणि गरीब अर्जदाराकडेही संशयाने बघायला निमित्त मिळाले. बोगस जरूर शोधा. पण संविधानाच्या कलम ४१ ने आजारपणात व विकलांगतेत मिळणाऱ्या साहाय्याला हक्क म्हटले आहे, हे आम्ही प्रशासनाला सांगू इच्छितो.

बांधवांनो, तपासणीला जाताना औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुने केसपेपर सोबत न्या. नाकारले तर लेखी मागा. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते.