व्हॅलेंटाइनच्या गुलाबाचा वास कुठे गेला? कळवणमध्ये सुगंधी गुलाब फुलेल का?

फेब्रुवारी आला की गुलाबाचे भाव चढतात. नाशिककरांना हे फूल लांबून आणावं लागत नाही. कळवणला लागून असलेल्या दिंडोरी तालुक्यात, जानोरी-मोहाडी परिसरात पॉलिहाऊसमधला डच गुलाब पिकतो. लांब दांडा, गडद रंग, घट्ट कळी. पण नाकाशी धरला तर वास जवळपास नाहीच. असं का?

वास का हरवला?

बाजारासाठी जाती तयार करताना फूल किती दिवस टिकतं, दांडा किती लांब येतो, प्रवासात पाकळी डागते का, हे पाहिलं गेलं. सुगंध मागे पडला. २०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात यामागचं एक कारण मांडलं. वास तयार करणारं एक एन्झाइम बिनवासाच्या जातींत जवळपास गप्प असतं.

हवामानाचा संबंध काय?

अत्तराचा दमास्क गुलाब बल्गेरियात मे-जूनमध्ये, तर राजस्थानात चैत्राच्या सुमारास फुलतो. त्याला चांगली थंडी लागते आणि मुख्य बहर वर्षातून एकदाच येतो. फुलं पहाटेच तोडावी लागतात, कारण ऊन चढलं की सुगंधी तेल उडून जातं. एक किलो तेलासाठी साधारण तीन ते चार टन फुलं लागतात.

तामिळनाडूत हारांसाठी पिकणारा सुगंधी एडवर्ड गुलाब मात्र उष्ण हवेतही वारंवार फुलतो. कोकणासारख्या दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात, तर कोरड्या थंडीत भुरी येते. द्राक्षवाल्या नाशिकला भुरीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

मग कळवणचं काय?

इथली थंडी गुलाबाला मानवते, पण ती थोड्याच महिन्यांची. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, तर साधारण दीड महिन्यात फुलं येतात. अंगणातल्या चार झाडांसाठी एवढं पुरेसं आहे.

शेतीचं गणित वेगळं. सुगंधी फुलाची पाकळी नाजूक, ती लांबच्या बाजारापर्यंत टिकत नाही. म्हणून गिऱ्हाईक जवळच हवं. सप्तशृंगी गड याच तालुक्यात आहे आणि चैत्रोत्सव, नवरात्रात तिथे मोठी गर्दी असते. उरलेल्या पाकळ्यांचा गुलकंद होऊ शकतो.

थोडक्यात, अत्तराचं स्वप्न कळवणसाठी महाग आहे. हार आणि गुलकंदाचा गुलाब जमण्यासारखा आहे. पण रोप लावण्याआधी खरेदीदार ठरलेला हवा.